पालवणकर बाळू : धांवफलकाची साक्ष आणि नायकत्वाचा प्रश्न

चेंडूफळीचा खेळ हा इतिहाससंशोधकाच्या लेखणीचा विषय नव्हे, असा समज आपल्याकडे पुष्कळ काळ रूढ होता. सनदा, महजर, निवाडे, वंशावळी, जमाखर्चाचीं बाडें हीं इतिहासाचीं साधनें, आणि खेळाचे कागद म्हणजे रद्दी, अशी ही वांटणी होती. परंतु ज्या खेळाच्या निमित्तानें विसाव्या शतकाच्या आरंभीं पुण्या-मुंबईचा हिंदु समाज स्वतःच्या जातिव्यवस्थेसंबंधीं उघड वाद घालूं लागला, त्या खेळाचे कागद रद्दींत टाकतां येणार नाहींत. प्रस्तुत लेखांत पालवणकर बाळू या विख्यात गोलंदाजाच्या खेळी-जीवनाचा आढावा घेण्याचें योजिलें आहे. मात्र चरित्रकथन हा त्याचा मुख्य हेतु नाहीं. बाळूंसंबंधीं उपलब्ध असलेल्या साधनांपैकीं कोणतें काय सांगतें, आणि कोणतें काय सांगत नाहीं, हें नीट लावून पाहिलें असतां एक महत्त्वाचा प्रश्न समोर येतो. पंधरा वर्षें ज्यांच्या हातांवर हिंदु संघ विसंबून राहिला, त्यांस त्या संघाचें नायकत्व रीतसर एकदांहि कां मिळालें नाहीं, हा तो प्रश्न होय.

धांवफलक हें साधन एका अर्थानें फार प्रामाणिक आहे. जमाखर्चाच्या वहीप्रमाणें त्याचे रकाने ठरलेले असतात. कोणी किती धांवा काढल्या, कोणी किती गडी बाद केले, त्यांस किती धांवा मोजाव्या लागल्या, एवढेंच तो लिहितो. लिहितांना तो जात विचारीत नाहीं. परंतु ह्याच कारणानें तो मुकाहि आहे. खेळ थांबल्यावर कोण कोठें बसला, कोणास चहा कोणत्या भांड्यांतून मिळाला, हें त्याच्या रकान्यांत येत नाहीं. फक्त एकाच ठिकाणीं समाजाचा हात त्या कागदावर उमटतो, आणि तें ठिकाण म्हणजे नायकाचें नांव. गडी बाद करणें हें खेळाडूच्या हातीं असतें; नायक नेमणें हें निवडसमितीच्या हातीं. म्हणून धांवफलकावरील इतर सर्व आंकडे हे खेळाडूची साक्ष होत, आणि नायकाचें नांव ही संघाची साक्ष होय.

प्रथम नांवाविषयीं. हें घराणें मूळचें कोंकणांतील पालवण या गांवचें. त्यावरून पालवणकर हें आडनांव. जात चर्मकार, म्हणजे त्या काळीं अस्पृश्य मानलेली. बाळूंचा जन्म सन १८७६ च्या सुमारास धारवाड येथें झाला. वडील लष्कराच्या नोकरींत असल्यामुळें कुटुंबाचें वास्तव्य पुढें पुण्यांत झालें. बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल हे चौघे बंधु पुढें नामांकित खेळाडू झाले. तत्कालीन इंग्रजी धांवफलकांत व वृत्तपत्रांत हीं नांवें ‘पी. बाळू’, ‘पी. शिवराम’, ‘पी. विठ्ठल’ अशीं छापलेलीं आढळतात. म्हणजे आडनांवाचें केवळ आद्याक्षर उरलें आणि स्वतःचें नांवच आडनांवाच्या जागीं बसलें. ग्रंथालयांच्या सूचींत व संग्राहकांच्या याद्यांत त्यामुळें एकाच पुरुषाचीं साधनें दोन-तीन ठिकाणीं विखुरलेलीं असतात. कोठें ‘बाळू’, कोठें ‘बालू’, कोठें ‘पालवणकर’. शोध करणारानें हीं सर्व रूपें पाहिल्याविना ‘कांहीं मिळत नाहीं’ असा निर्णय देऊं नये.

बाळूंचा या खेळाशीं पहिला संबंध आला तो खेळाडू म्हणून नव्हे, नोकर म्हणून. पुण्यांतील पारशी गृहस्थांच्या एका क्लबाच्या मैदानावर खेळपट्टी झाडणें व तीवर रूळ फिरविणें हें त्यांचें काम असे, आणि वेतन दरमहा ३ रुपये. सन १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबांत अधिक वेतनावर गेले. तेथें खेळपट्टी तयार करणें, जाळीं लावणें, टेनिसचीं मैदानें आंखणें हीं कामें करतां करतां साहेबलोकांस सरावासाठीं चेंडू टाकण्याची संधि त्यांस मिळूं लागली. बाळू डावखुरे. त्यांचा चेंडू मंदगति, परंतु हवेंत वळण घेणारा आणि टप्पा पडतांच दोहों बाजूंस फिरणारा असे. त्या काळचे नामांकित युरोपियन फलंदाज कॅप्टन ग्रेग हे बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करीत. आपणांस बाद केल्यास दर वेळेस आठ आणे देऊं, अशी ग्रेग यांची बोली होती, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेपणा कसाहि असो, एक गोष्ट मात्र सर्व वृत्तांतांत सारखी येते. क्लबाच्या जाळ्यांत बाळूंनीं वर्षानुवर्षें चेंडू टाकला, पण फळी त्यांच्या हातीं कोणी दिली नाहीं. चेंडू टाकणें हें श्रमाचें काम, तें नोकरानें करावें. फळी धरणें हें मानाचें काम, तें साहेबानें किंवा सरदारानें करावें, अशी ही श्रमविभागणी होती. आपल्या जातिव्यवस्थेशीं तिचें साम्य वाचकांस वेगळें सांगावयास नको.

पुण्याच्या हिंदु खेळाडूंचा स्वतःचा संघ होता, व पूना क्लबाच्या युरोपियनांस हरविणें ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. ज्या गोलंदाजावर ग्रेगसारखा फलंदाज सराव करितो त्यास आपल्या संघांत घ्यावें कीं काय, ह्यावर हिंदु खेळाडूंत बराच वाद झाला. शेवटीं विजयाची इच्छा सोंवळ्यावर मात करती झाली आणि बाळूंस संघांत प्रवेश मिळाला. पण तो प्रवेश मैदानाच्या रेषेपुरता होता. मैदानावर बाळूंच्या हातचा चेंडू ब्राह्मण खेळाडूंच्या हातांत जाई, तेव्हां विटाळ होत नसे. खेळ थांबला कीं मंडळी मंडपांत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंस तो मंडपाबाहेर, टाकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यांतून मिळे. जेवणास पान वेगळें, बसावयास जागा वेगळी, हातावर पाणी घालणारा माणूसहि वेगळा. ह्यांतील एकहि गोष्ट धांवफलकांत नाहीं. ती कुटुंबाच्या आठवणींतून व समाजसुधारकांच्या लेखनांतून आपणांस कळते.

सातारच्या युरोपियन जिमखान्याशीं झालेल्या सामन्याची कथा प्रसिद्धच आहे. बाळूंचा चेंडू फिरूं नये म्हणून आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी कठीण केली होती, तरीहि त्यांनीं सात गडी बाद केले व पुणेकरांचा जय झाला, असें सांगतात. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं बाळूंचें जाहीर कौतुक केलें, आणि ज्यांच्याबरोबर आपण खेळतो त्यांच्याबरोबर खाणेंपिणेंहि करावें असा उपदेश इतर खेळाडूंस केला, असेंही परंपरा सांगते. रानडे सन १९०१ च्या जानेवारींत निवर्तले. तेव्हां हा प्रसंग त्यापूर्वींचा धरला पाहिजे. कालनिर्णयास उपयोगी पडणारी एवढी खूण ह्या आख्यायिकेंत आहे.

सन १८९६ मध्यें प्लेगची सांथ आली, आणि त्याच सुमारास बाळूंनीं पुणें सोडून मुंबई गांठली. मुंबईंत त्या वेळीं जिमखान्यांची रचना धर्मवार झालेली होती. युरोपियनांचा बाँबे जिमखाना १८७५ चा, पारशी जिमखाना १८८५ चा, इस्लाम जिमखाना १८९२ चा, आणि परमानंददास जीवनदास हिंदु जिमखाना १८९४ चा. पारशी संघ १८८६ व १८८८ सालीं विलायतेस जाऊन आलेला होता, आणि युरोपियन विरुद्ध पारशी असे वार्षिक सामने १८९२ पासून नियमानें होत होते. हिंदु संघ ह्या पंक्तींत उशिरां आला, आणि आला तो बाळूंच्या गोलंदाजीच्या बळावर. हिंदु जिमखान्यांत त्यांस घेण्याविषयीं पुन्हां एकदां पुण्यासारखाच वाद झाला, व पुन्हां एकदां गुणानें वाट काढली. उदरनिर्वाहासाठीं बाळूंनीं कांहीं काळ लष्करांत व नंतर बाँबे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेंत नोकरी केली, व त्या रेल्वेच्या संघाकडूनहि ते खेळत. जे. एम्. फ्रामजी पटेल यांनीं १९०५ सालीं भारतीय क्रिकेटविषयीं इंग्रजींत लिहिलेल्या ग्रंथांत बाळूंच्या गोलंदाजीची प्रशंसा आहे. प्रतिस्पर्धी समाजांतील जाणकाराची ही साक्ष विशेष मोलाची समजली पाहिजे.

सन १९०६ च्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदु विरुद्ध युरोपियन हा सामना झाला. हिंदु संघानें पहिल्या डावांत २४२ व दुसऱ्या डावांत १६० धांवा केल्या. युरोपियनांच्या १९१ व १०२ झाल्या. हिंदूंचा १०९ धांवांनीं जय झाला. त्या संघांत बाळू व शिवराम हे दोघे बंधु होते. हा सामना वंगभंगाच्या चळवळीच्या ऐन भरांत, स्वदेशीची हाक देशभर घुमत असतां झाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याचा गाजावाजा कां झाला तें कळतें. मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ पत्रानें ह्या जयाचें कारण वेगळ्याच ठिकाणीं शोधलें. हिंदु जिमखान्यानें ह्या दोघां बंधूंस संघांत घेतलें, एवढेंच नव्हे तर आपल्या उपाहारगृहांतहि बसूं दिलें, ह्यांत त्या पत्रास राष्ट्राच्या पुढील वाटचालीचा धडा दिसला. म्हणजे पुण्याचें मातीचें भांडें आणि मुंबईच्या उपाहारगृहाचा पेला ह्या दोहोंत दहा-बारा वर्षांचें अंतर पडलें. पुढील वर्षीं, १९०७ मध्यें, युरोपियन, पारशी व हिंदु यांची त्रिरंगी स्पर्धा सुरू झाली, आणि १९१२ पासून मुसलमान संघ आल्यावर ती चौरंगी झाली.

बाळूंच्या कीर्तीचा कळस म्हणजे १९११ सालची विलायतेची सफर. पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्याभिषेकाचें तें वर्ष. पारशी, हिंदु व मुसलमान खेळाडूंचा मिळून झालेला अखिल भारतीय संघ प्रथमच इंग्लंडांत गेला. त्याचे नायक पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग हे होते. संघाची एकंदर कामगिरी सामान्यच झाली. २३ सामन्यांपैकीं ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. त्यांतील प्रथम श्रेणीचे १४ सामने घेतले तर जय केवळ दोनच, आणि पराजय १०. अशा हरणाऱ्या संघांत बाळूंनीं सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, आणि दर गड्यामागें सरासरी १८.८४ धांवा दिल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनीं ७५ गडी २०.१२ च्या सरासरीनें घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत १०३ धांवांत ८ गडी ही त्यांच्या खेळी-जीवनांतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. लेस्टरशायर परगण्यावर मिळालेला जय हा मुख्यतः त्यांच्या गोलंदाजीचाच होता. त्या सामन्यांत त्यांनीं ११ गडी बाद केले. दुसरा जय सॉमरसेट परगण्यावर, अवघा एक गडी शिल्लक असतांना मिळाला, आणि त्यांत शिवराम यांनीं शंभराहून अधिक धांवा काढल्या. म्हणजे ह्या सफरींतील दोन्ही मोठ्या विजयांवर पालवणकर घराण्याची मुद्रा आहे.

येथें आंकड्यांचा थोडा विस्तार करणें आवश्यक आहे. बाळूंची प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांतील एकूण नोंद १७९ गडी व सरासरी १५.२१ अशी आहे. त्यांतून विलायतेंतील ७५ गडी वजा केले असतां इतर सामन्यांतील १०४ गडी उरतात, आणि हिशेब मांडला तर दर गड्यामागें बारांहूनहि कमी धांवा पडतात. ह्या नोंदी १९०६ ते १९२० ह्या काळांतल्या. म्हणजे बाळूंच्या वयाच्या तिशीपासून चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंतच्या. पुणें-सातारच्या दिवसांतील, ऐन विशींतील गोलंदाजी ह्या हिशेबांत धरलेलीच नाहीं, कारण ते सामने प्रथम श्रेणीचे मानले गेले नाहींत. तेव्हां जो आंकडा आपण आज बाळूंचा म्हणून वाचतों, तो त्यांच्या उतरत्या वयाचा आहे, ही गोष्ट अभ्यासकानें विसरतां कामा नये.

त्याच १९११ च्या उन्हाळ्यांत, बाळू विलायतेंत गडी बाद करीत असतां, २९ जुलै रोजीं कलकत्त्यास मोहन बागान ह्या अनवाणी खेळणाऱ्या बंगाली फुटबॉल संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असें हरवून आय्. एफ्. ए. ढाल जिंकली. राज्यकर्त्यांचा खेळ शिकून त्यांसच त्यांत हरवावें, ही आकांक्षा त्या पिढींत साम्राज्याच्या अनेक भागांत दिसते. आयर्लंडाचेंच उदाहरण घ्या. तेथें १८८४ सालीं देशी खेळांची संस्था निघाली, व पुढें फुटबॉल-क्रिकेटसारखे परकी खेळ खेळणारांस तिनें आपलीं दारें बंद केलीं. पण दुसरीकडे १९१३ सालीं बेलफास्ट येथें आयरिश फुटबॉल संघानें इंग्लंडास प्रथमच हरविलें, आणि त्या २-१ च्या जयांतील दोन्ही गोल डोनेगल परगण्याच्या बिली गिलेस्पी ह्या तरुणानें केले. तोच गिलेस्पी पुढें शेफील्ड युनायटेड ह्या इंग्रजी क्लबाचा नायक झाला, आणि १९२५ सालीं त्याच्या नायकत्वाखालीं त्या क्लबानें इंग्लंडची मानाची चषकस्पर्धा जिंकली. पराक्रमाच्या दृष्टीनें बाळू व गिलेस्पी हे समकालीन सोबती शोभतात. भेद आहे तो पुढें. आयर्लंडांतून आलेल्या खेळाडूस इंग्रजी क्लबानें नायक केलें. बाळूंस नायक करण्याचें धाडस त्यांच्या स्वतःच्या हिंदु संघासहि झालें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. विलायतेहून परत आल्यावर बाळूंचा ज्येष्ठपणा व कर्तृत्व यांविषयीं कोणासहि शंका राहिली नव्हती. तरीहि चौरंगी सामन्यांत हिंदु संघाचें नायकत्व वर्षानुवर्षें मु. दा. पै यांजकडे राहिलें. पै हे चांगले फलंदाज, व विलायतेच्या सफरींत बाळूंचे सोबती. नायकास साहेबांशीं इंग्रजींत बोलावें लागतें, मेजवान्यांतून भाषणें करावीं लागतात, सबब तो सुशिक्षित असावा, असा युक्तिवाद निवडसमितीच्या बाजूनें करतां येईल. परंतु त्यास दोन उत्तरें आहेत. एक असें कीं, १९११ च्या सफरींत नायकत्व ज्या महाराजांकडे होतें ते मोजकेच सामने खेळले. म्हणजे नायकत्व हें त्या काळीं गुणापेक्षां दर्जाचें चिन्ह होतें, हें उघड आहे. दुसरें उत्तर खुद्द पै यांचेंच. १९१३ सालीं त्यांच्या सत्कारप्रसंगीं त्यांनीं आपल्या भाषणांत सांगितलें कीं, हा मान संघांतील ज्येष्ठ व अनुभवी खेळाडू बाळू यांस मिळावयास हवा होता. ज्यास लाभ झाला त्यानेंच लाभाविरुद्ध दिलेली ही साक्ष होय. न्यायाच्या कोणत्याहि कसोटीवर अशी साक्ष भक्कम मानली जाते.

हा वाद १९२० सालीं विकोपास गेला. त्या वर्षीं पै आजारी असल्यामुळें पहिल्या सामन्याचें नायकत्व पुण्याचे दि. ब. देवधर यांजकडे देण्यांत आलें, आणि बाळूंस संघांतूनच वगळण्यांत आलें. विठ्ठल व शिवराम हे त्या वेळीं संघाचे आधारस्तंभ होते. ह्या दोघां बंधूंनीं खेळण्यास नकार दिला, आणि जातीमुळें आपणांस डावललें जातें, हें जाहीर पत्रानें स्पष्ट केलें. पूर्वीं मातीच्या भांड्यांतून निमूटपणें चहा घेणारें घराणें आतां वृत्तपत्रांतून जाब विचारूं लागलें, हा वीस-पंचवीस वर्षांतला पालट ध्यानांत घेण्याजोगा आहे. त्याच डिसेंबरांत नागपूरच्या काँग्रेसमध्यें महात्मा गांधींनीं अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न स्वराज्याशीं जोडला होता. लोकमताचा दाब वाढला. पारशांशीं झालेल्या अंतिम सामन्यासाठीं तिघेहि बंधु संघांत परतले, आणि बाळूंस उपनायक नेमण्यांत आलें. सामन्यांत मध्यंतरीं पै मैदान सोडून गेले, व तेवढा वेळ संघाचीं सूत्रें बाळूंच्या हातीं आलीं. धांवफलकावर अर्थातच नायक म्हणून पै यांचेंच नांव राहिलें. चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंची ती अखेरची मोठी स्पर्धा होती.

जें ज्येष्ठ बंधूस मिळालें नाहीं तें कनिष्ठास मिळालें. सन १९२३ मध्यें विठ्ठल पालवणकर यांची हिंदु संघाच्या नायकपदीं नेमणूक झाली, आणि त्याच वर्षीं हिंदूंनीं चौरंगी स्पर्धा जिंकली. पुढें १९२५ व १९२६ सालींहि विठ्ठल यांच्या नायकत्वाखालीं जय मिळाला. नायक इंग्रजी शिकलेला असावा लागतो, उच्चवर्णीय खेळाडू त्याचा शब्द मानणार नाहींत, इत्यादि सर्व सबबी ह्या तीन विजयांनीं निकालांत निघाल्या. सबब खोटी ठरली, तशी ती ज्यांच्या विरुद्ध वापरली गेली त्यांची हानि मात्र भरून निघाली नाहीं.

बाळूंच्या उत्तरायुष्याचे दोन दाखले सरकारी दफ्तरांतले, म्हणून निर्विवाद आहेत. पहिला, २४ सप्टेंबर १९३२ रोजीं येरवडा येथें झालेल्या पुणें करारावरील स्वाक्षऱ्यांत पी. बाळू हें नांव आहे. दुसरा, १९३७ सालच्या मुंबई प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुकींत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ मतें पडलीं, बाळूंस ११,२२५. ह्या पराभवाचा अर्थ अनेक प्रकारें लावला जातो. एवढें मात्र खरें कीं, एकाच अन्यायाचे भोक्ते असलेले हे दोघे पुरुष दोन भिन्न मार्गांवर होते. बाळूंचा अनुभव असा कीं, मोठ्या संघांत राहून, गुण दाखवून, वाट पाहून दार थोडें थोडें उघडतें. डॉ. आंबेडकरांचा सिद्धांत असा कीं, दार उघडणें हें दुसऱ्याच्या मर्जीवर असूं नये. बाळूंच्या स्वतःच्या खेळी-जीवनाचा पुरावा पाहतां, तो पहिल्या मतापेक्षां दुसऱ्या मतासच अधिक बळकटी देतो, असें आमचें नम्र मत आहे. पुण्यांत संघाचें दार उघडलें तें युरोपियनांस हरविण्याच्या गरजेनें, मुंबईंत उपाहारगृहाचें उघडलें तें जयाच्या आनंदानें, आणि नायकत्वाचें उघडलें तें बंधूंनीं खेळण्यास नकार दिल्यावर. नुसत्या गुणानें ह्यांतलें एकहि दार उघडलें नाहीं. बाळू ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस निवर्तले.

शेवटीं साधनांविषयीं दोन शब्द. ह्या घराण्यासंबंधींचें सर्वांत जवळचें मराठी साधन म्हणजे विठ्ठल पालवणकर यांचें ‘माझें क्रीडा-जीवन’ हें १९४८ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालेलें आत्मवृत्त. रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथानें बाळूंस विस्मृतींतून बाहेर काढलें, आणि प्रशांत किडंबी यांच्या २०१९ सालच्या ग्रंथानें १९११ च्या सफरीचा सविस्तर वृत्तांत दिला. पण हीं छापील साधनें झालीं. ज्या कागदांतून नायकत्वाच्या प्रश्नावर प्रत्यक्ष प्रकाश पडावयाचा ते कागद निराळे आहेत. जिमखान्यांच्या समित्यांचीं इतिवृत्तें, निवडीसंबंधींचा पत्रव्यवहार, रेल्वे व गिरण्यांच्या संघांच्या हस्तलिखित धांववह्या, सत्कारप्रसंगींचीं मानपत्रें, आणि मागें नांवें लिहिलेलीं समूहचित्रें हीं तीं साधनें होत. जुने कागद घरांतून निघाले कीं ते वाण्याच्या पुडींत, नाहींतर कुर्ल्याच्या भंगारबाजारासारख्या ठिकाणीं जातात. मोडी दफ्तरें वाचविण्याची जी तळमळ आपल्या संग्राहकांनीं दाखविली, तीच ह्या कागदांविषयींहि दाखविली पाहिजे. विशेषतः समूहचित्र हातीं आलें असतां दोन गोष्टी आवर्जून पाहाव्या. मध्यभागीं खुर्चीवर कोण बसला आहे, आणि चेंडू टाकणारा कोठें उभा आहे. धांवफलक जें सांगत नाहीं, तें पुष्कळदां त्या जागेवरून कळतें.